वेगाचीही तालीम असते

आपल्या सीमाभागात मोटारसायकल हे नुसतं वाहन नसतं, ते घरातलं एक माणूसच असतं. दसऱ्याला तिची पूजा होते, हँडलला झेंडूचा हार पडतो, चाकाखाली लिंबू ठेवलं जातं. यामाहाच्या आरएक्स हंड्रेडचं उत्पादन १९९६ साली थांबलं, पण त्यानंतर जन्मलेली पोरंसुद्धा गल्लीच्या टोकाला आवाज आला की मान न वळवता सांगतात, "आरएक्स आली." अशा मुलखात एखाद्या मुलाला रेसिंगचं वेड लागलं, तर त्यात नवल कसलं? नवल याचं, की वेड लागल्यावर पुढं काय करायचं हे सांगणारं त्याला सहसा कुणी भेटत नाही.

पालक मात्र आम्हा शिक्षकांना हमखास भेटतात. "सर, पोरगा रेसिंगमध्ये जायचं म्हणतोय. तुम्हीच त्याला जरा समजावून सांगा." समजावून सांगा म्हणजे त्याच्या डोक्यातलं खूळ काढा, असा त्याचा सरळ अर्थ. मी पोराला एवढंच विचारतो, "रेसिंग करायचं, ते कुठं?" सगळं काही या एका 'कुठं'वर अवलंबून आहे. वेगाची हौस हा काही गुन्हा नव्हे. ती हौस रस्त्यावर भागवायची की ट्रॅकवर, यावर ती खेळ ठरते की घात, हे ठरतं.

रस्ता म्हणजे आखाडा नव्हे

पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी झाला आणि आपल्या भागात रात्रीच्या शर्यतींना ऊत आला. दोघांची पैज लागते, मागं बसलेला मोबाईलवर चित्रीकरण करतो आणि काटा शंभराच्या पुढं सरकतो. या रस्त्यावर दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर असतो, दुभाजकाच्या फटीतून अचानक येणारं कुत्रं असतं, उलट्या दिशेनं येणारा दुधाचा स्कूटरवाला असतो. पोराचा हात कितीही तयार असला, तरी त्या ट्रॅक्टरवाल्याला शर्यत चालू आहे हे ठाऊक नसतं. सकाळी हजेरी घेताना एका नावापाशी अडखळणं आणि मग ते नाव कायमचं गाळणं, हा अनुभव आपल्या भागातल्या कितीतरी शिक्षकांच्या वाट्याला आलेला आहे.

कायद्याचंही सांगून ठेवतो. सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतं. पुन्हा सापडल्यास वर्षभरापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल तर त्याच दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे. "पोरानं हट्टच धरला हो," असं म्हणून चावी हातात देणाऱ्या वडिलांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

आपल्याकडं कुस्तीची परंपरा आहे, म्हणून तिचाच दाखला देतो. तालमीत नाव घातलेल्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी मैदानात उतरवतो का? आधी माती उकरायला लावतो. मग जोर-बैठका. मग पडायचं कसं हे शिकवतो. जोड लागते ती फार पुढं, आणि तीही वजन बघून. मोटारसायकल शर्यतीचं नेमकं हेच आहे. तिलाही तालीम आहे, वस्ताद आहेत, नियम आहेत. फक्त ती तालीम आपल्या गल्लीत नाही, म्हणून ती नाहीच असा आपला समज झाला आहे.

आपल्या देशातली माती

आपल्या देशात हा खेळ नवा नाही. एके काळी मुंबईत जुहूच्या, कोलकात्याजवळ बराकपूरच्या आणि चेन्नईजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत. शोलावरमची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथं जावा, येझदी, एनफिल्ड आणि पुढं यामाहाच्या गाड्या धावल्या. या शर्यती भरवणारा मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब १९५३ सालचा. याच क्लबनं चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै इथं खास शर्यतीसाठी ट्रॅक बांधला आणि १९९० साली तो सुरू झाला. सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा हा ट्रॅक आता मद्रास इंटरनॅशनल सर्किट या नावानं ओळखला जातो. कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे २००३ साली उघडला. त्याची लांबी सुमारे २.१ किलोमीटर. १९९५ साली विमान अपघातात गेलेल्या एस. करिवर्धन या मोटार शर्यतपटूचं नाव त्याला दिलेलं आहे. तिसरा ट्रॅक दिल्लीजवळ ग्रेटर नोएडातला बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, २०११ सालचा, ५.१२५ किलोमीटरचा. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये तिथं मोटो जीपी ही जागतिक शर्यत झाली.

नवशिक्यानं मात्र बुद्ध सर्किटची स्वप्नं बघत बसू नये. त्याची पाटी-पेन्सिल चेन्नई आणि कोइमतूरलाच आहे. बेळगावहून चेन्नई म्हणजे साधारण साडेआठशे किलोमीटर. लांब आहे खरं. पण आपली पोरं परीक्षा द्यायला, नोकरीच्या मुलाखतीला एवढा प्रवास करतातच की.

ज्यांना तेवढं जमत नाही त्यांच्यासाठी मातीतल्या शर्यती आहेत. पुणे आणि नाशिक या भागांत डर्ट ट्रॅक आणि सुपरक्रॉसची चांगली परंपरा आहे. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. मातीवर वेग कमी असतो आणि चाक सतत घसरत असतं. घसरणाऱ्या चाकाची सवय कमी वेगात होते, हा मातीचा मोठा गुण. पुढं डांबरी ट्रॅकवर उतरल्यावर मागचं चाक जरा हललं, तर असा मुलगा घाबरून ब्रेक दाबत नाही.

पहिलं पाऊल: गाडीविना

आता मुद्द्याचं. सुरुवात कशी करावी? माझं उत्तर पोरांना आवडत नाही. पहिल्यांदा गाडी घरी ठेवून जावं. या देशातला सगळा मोटार खेळ फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या छत्राखाली चालतो. नावातच 'क्लब' आहे. प्रत्यक्ष शर्यत क्लबच भरवतात आणि त्यांना दर वेळी मार्शल लागतात. मार्शल म्हणजे वळणावळणावर निशाण घेऊन उभे राहणारे, कुणी पडला तर धावून जाणारे, ट्रॅकवर सांडलेलं तेल पुसणारे स्वयंसेवक. वय बसत असेल तर क्लबला विचारून एक-दोन वेळा हे काम करावं. दिवसभर उन्हात उभं राहून जे दिसतं ते कुठल्याही चित्रफितीत दिसत नाही. चांगला शर्यतपटू प्रत्येक फेरीत त्याच जागी ब्रेक लावतो, त्याच जागी वळतो, अगदी आखून दिल्यासारखा. नवखा दर फेरीत नव्या जागी, आणि म्हणून पडतोही नव्या जागी. तालमीतली माती उकरण्याचं काम ते हेच.

निशाणांची भाषाही तिथं पाठ होते. पिवळं निशाण म्हणजे पुढं धोका आहे, इथं कुणाला मागं टाकायचं नाही. लाल म्हणजे शर्यत थांबवली, हळूहळू पिटमध्ये परत या. निळं म्हणजे मागून जास्त वेगाचा स्वार येतोय, आपली रेषा सोडू नका. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे रस्ता निसरडा. काळ्यावर नारिंगी ठिपका आणि सोबत तुमचा क्रमांक, म्हणजे तुमच्याच गाडीत बिघाड आहे, ताबडतोब बाहेर व्हा. आणि चौकटीचं निशाण सगळ्यांना ठाऊक असतं, कारण ते सिनेमात दिसतं. बाकीची पाठ नसतील तर त्या चौकटीपर्यंत पोचणं होत नाही.

दुसरं पाऊल: अंगावरचं चिलखत

दुसरी खरेदीही गाडीची नव्हे, अंगावरच्या साहित्याची. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट, पट्ट्याला दुहेरी कडीचा बंद, आणि आयोजकांनी मान्य केलेल्या दर्जाचा शिक्का. घेण्याआधी नियमपुस्तिका वाचावी, नाहीतर घेतलेलं हेल्मेट तपासणीत नापास होतं. हेल्मेटच्या आत दाबलेल्या फोमचा थर असतो. डोकं आपटलं की तो थर चेपला जातो आणि धक्का स्वतःवर घेतो. हेच त्याचं काम. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. म्हणून आपटलेलं हेल्मेट वरून कितीही चकचकीत दिसलं तरी बाद समजावं, आणि मित्राचं जुनं हेल्मेट 'चालतंय की' म्हणून मुळीच घेऊ नये.

त्याशिवाय एकसंध चामड्याचा सूट, पाठीच्या कण्यासाठी संरक्षक पट्टी, मनगट झाकणारे हातमोजे, घोट्याच्या वर जाणारे बूट. डांबरावर घसरत जाताना जीन्स पार फाटते, चामडं टिकतं. हे साहित्य महाग आहे, यात शंका नाही. पण ज्याला बूट घ्यायला पैसे नाहीत आणि नवा सायलेन्सर बसवायला आहेत, तो पोरगा अजून शर्यतीला तयार झालेला नाही, असं खुशाल समजावं. ट्रॅकवरच्या काही शाळांत सूट भाड्यानं मिळतो. सुरुवातीला तसं करायला हरकत नाही.

तिसरं पाऊल: वस्ताद

आता शिकणं. ट्रॅकवर माजी शर्यतपटू एक-दोन दिवसांच्या शाळा चालवतात. अमेरिकेतल्या कीथ कोड या प्रशिक्षकानं सुरू केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलची शिबिरं चेन्नईच्या ट्रॅकवरही झालेली आहेत. या कोडसाहेबांनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातली एक कल्पना मी वर्गातही सांगतो. माणसाजवळचं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. नवख्याचे गियर बदलण्यातच पाच डॉलर खर्च होतात, ब्रेकला तीन जातात. वळण बघायला उरतात फक्त दोन. सराव झाला की गियरला चार आणे पुरतात आणि उरलेली रक्कम पुढचा रस्ता बघायला मोकळी होते. शिकणं म्हणजे आणखी काय? पाढे पाठ झाल्यावर गणित सुचायला लागतं, तसंच हे.

शाळेत काय शिकवतात? पहिली गोष्ट नजर. गाडी नजरेच्या मागं जाते. खड्ड्याकडं बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं, हे सायकल शिकताना आपण सगळ्यांनीच अनुभवलेलं आहे. दुसरी गोष्ट रेषा. वळणात बाहेरच्या कडेनं शिरायचं, आतल्या कडेला स्पर्श करायचा आणि पुन्हा बाहेरच्या कडेकडं निघायचं. म्हणजे वळणाची वक्रता कमी होते आणि त्याच वेगात गाडी कमी झुकवावी लागते. तिसरी गोष्ट ब्रेक. ब्रेक लावताना गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, म्हणून खरं काम पुढच्या ब्रेकचं. आपल्याकडं 'पुढचा ब्रेक दाबू नको, पालथा होशील' हे लहानपणापासून ऐकवलेलं असतं. तो झटक्यात दाबला तर खरोखरच घात होतो. लिंबू पिळावं तसा हळूहळू जोर वाढवत दाबला तर तोच वाचवतो. आणि हा जोर वळणाआधी, गाडी सरळ असताना लावायचा.

चौथी गोष्ट ऐकून पोरं हसतात. वेगात असताना गाडी डावीकडं न्यायची असेल तर हँडलची डावी मूठ हलकेच पुढं ढकलायची. चाक क्षणभर उजवीकडं वळतं, गाडी डावीकडं कलते आणि वळते. आपण सगळे वर्षानुवर्षं नकळत हेच करत असतो. शाळेत ते जाणून करायला शिकवतात. समोर अचानक काही आलं तर हे जाणून करणारा वाचतो. म्हणूनच शर्यत कधीच लावायची नसली तरी ही एक दिवसाची शाळा रोज कामावर गाडीनं जाणाऱ्या कुणालाही उपयोगी पडावी.

चौथं पाऊल: परवाना आणि पहिली शर्यत

शर्यतीसाठी वाहन चालवण्याच्या परवान्याहून वेगळा, फेडरेशनचा स्पर्धा परवाना लागतो. त्यासाठी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला लागतो; मुलगा लहान असेल तर पालकांची लेखी संमती. हा परवाना दर वर्षी नवा काढायचा. कुठल्या वयाला कोणता गट आणि किती ताकदीची गाडी, याचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा ऐकीव माहितीवर न राहता चालू वर्षाचे नियम बघावेत.

मग गाडीचं काय? इथं एक दिलासा आहे. कंपन्यांच्या 'वन-मेक' शर्यती असतात. सगळ्यांना एकाच प्रकारची, कंपनीनंच तयार केलेली गाडी. फरक पडेल तो हातात. टीव्हीएस कंपनीनं अशा शर्यती १९९४ साली सुरू केल्या. होंडाची टॅलेंट कप स्पर्धा २०१८ पासूनची, रॉयल एनफिल्डची कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ पासूनची. यांत निवड चाचणी होते. वेळेत फेरी पूर्ण करणारे घेतले जातात. गरीब घरातल्या गुणी पोराला ही वाट सगळ्यांत सोयीची, कारण गाडी आणि तिचा मेस्त्री दोन्ही कंपनीचे.

स्वतःची गाडी उतरवायची तर दीडशे-दोनशे सीसीची उतरवावी. मोठी गाडी सरळ रस्त्यावर मोठी असते. वळणात ती नवख्याच्या चुका झाकते आणि एक दिवस एकदम उघड्या पाडते. लहान गाडीवर वेग हातानं कमवावा लागतो. गाडीची तयारी म्हणजे इंजिन फोडून काहीतरी बसवणं, अशी आपल्याकडं समजूत आहे. खरी तयारी फार साधी आहे. आरसे, दिवे, इंडिकेटर, स्टँड काढायचे. तेलाचा बोल्ट तारेनं बांधून घ्यायचा, म्हणजे थरथरीनं सुटून मागच्याच्या वाटेत तेल सांडणार नाही. रेडिएटरमधलं रंगीत द्रव्य काढून साधं पाणी भरायचं, कारण ते द्रव्य रस्त्यावर सांडलं की साबणासारखं निसरडं होतं. यातली बरीचशी तयारी आपल्यासाठी नसून मागून येणाऱ्यासाठी असते, हे ध्यानात घ्या. हमरस्त्यावर सायलेन्सर काढून फिरणाऱ्याच्या मनात मागच्याचा विचार कधी आलेला असतो का?

शर्यतीच्या दिवशी आधी गाडीची आणि साहित्याची तपासणी, मग स्वारांना सूचना, मग सराव, मग पात्रता फेरी, आणि तिच्या वेळेनुसार सुरुवातीची जागा. पहिल्या शर्यतीत नंबर शोधू नये. शर्यत पूर्ण करणं हेच पहिलं बक्षीस. पहिल्या वळणावर सगळे एकदम घुसतात. तिथं एक श्वास मागं राहणारा शेवटी पाच जणांच्या पुढं असतो, कारण ते पाच जण मातीत असतात. त्यानंतर आपली लढाई स्वतःच्या फेरीच्या वेळेशी. काल लागलेल्या वेळेपेक्षा आज अर्धा सेकंद कमी लागला तर घरी पेढे न्यावेत.

ब्रिटनमध्ये ही सारी व्यवस्था क्लबांवरच उभी आहे. १९०९ साली ब्रुकलँड्स इथं सुरू झालेला तिथला मोटारसायकल रेसिंग क्लब आजही हौशींच्या शर्यती भरवतो. तिथं नवख्याला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि शर्यतीत सूटवर नारिंगी जाकीट घालावं लागतं, म्हणजे मागच्याला कळावं की हा शिकाऊ आहे, जरा जपून. ठरलेल्या शर्यती नीट पार पाडल्याच्या सह्या गोळा झाल्या की ते जाकीट उतरतं. मला ही पद्धत फार आवडते. आपण नवखे आहोत हे पाठीवर मिरवण्यात कमीपणा नाही, हे त्या पोराला पहिल्याच दिवशी शिकवलं जातं. आपल्याकडं मात्र गाडी घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक जण वस्ताद!

दोन कडू गोष्टी

पालकांपासून लपवू नये अशा दोन गोष्टी आहेत. पहिली पैशाची. टायर, पेट्रोल, प्रवेश शुल्क, प्रवास, मुक्काम, आणि पडल्यावर लागणारे भाग. हा खर्च दर शर्यतीला उभा राहतो. हौशी शर्यतीतून पोट भरत नाही. शिवाय आपल्या नेहमीच्या वाहन विम्यात शर्यतीतलं नुकसान धरलेलं नसतं, ते त्या कागदावर छापलेलंच असतं. आरोग्य आणि अपघात विम्याच्या अटीही आधी वाचून घ्याव्यात. शिक्षण सोडून, कर्ज काढून या वाटेला जाऊ नये. वर्षातून दोन शर्यती, त्याही स्वतःच्या कमाईतून किंवा घरच्या ऐपतीत, एवढ्यावर सुरुवात पुष्कळ झाली.

दुसरी गोष्ट जिवाची. ट्रॅक सुरक्षित असतो म्हणजे तिथं मरण नसतं, असं नव्हे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईच्या याच ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या शर्यतीत बंगळूरचा एक तेरा वर्षांचा गुणी मुलगा पडला आणि गेला. हेल्मेट, सूट, मार्शल, रुग्णवाहिका असूनही गेला. हे माहीत नसताना सही करणारा पालक फसवला जातो, असं मला वाटतं. लहान वयात घालायचंच असेल तर प्रशिक्षकाला, आयोजकाला शंभर प्रश्न विचारावेत. एका गटात किती मुलं सोडता? डॉक्टर कुठं उभा असतो? पडलेल्या मुलामागून येणाऱ्यांना किती लवकर थांबवता? या प्रश्नांना चिडणाऱ्याच्या हाती पोर देऊ नये.

मग रस्ता आणि ट्रॅक यांत फरक काय राहिला? फरक हा, की ट्रॅकवर सगळे एकाच दिशेनं जातात. समोरून कुणी येत नाही. पडणाऱ्याला घसरत जायला मोकळी जागा असते. वळणावर माणूस निशाण घेऊन उभा असतो. आणि सगळ्यांत मोठा फरक म्हणजे तिथं धोका पत्करणारा तो जाणून पत्करतो. रस्त्यावर आपल्या हौसेचा धोका, बिचाऱ्या दूधवाल्याला न विचारता, आपण त्याच्या गळ्यात टाकतो.

मुलींचाही उल्लेख केला पाहिजे, कारण 'आमची पोरगी' म्हणून विचारणारे पालक अजून फारसे भेटत नाहीत. टीव्हीएसनं २०१६ साली फक्त मुलींसाठी वेगळा वन-मेक गट सुरू केला. बंगळूरच्या ऐश्वर्या पिस्सेनं २०१९ साली मोटारसायकलवरच्या क्रॉस-कंट्री शर्यतींचा बाहा विश्वचषक महिला गटात जिंकला. दक्षिण अमेरिकेत झालेली २०१५ ची डकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय सी. एस. संतोष हाही बंगळूरचाच. २०११ साली १२५ सीसीच्या जागतिक मालिकेत उतरलेला सरत कुमार चेन्नईचा. ही गावं आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर आहेत. तिथल्या पोरांना काही वेगळं रक्त असतं असं नाही. त्यांच्या गावाजवळ क्लब असतात आणि शिकवणारे असतात, एवढंच.

हे आपल्याकडं का होऊ नये? गणेशोत्सवाला मंडळ काढायला आपल्याला वेळ लागत नाही. गॅरेजवाले, दोन-चार जाणती माणसं आणि गाडीवेडी पोरं एकत्र येऊन एक छोटा क्लब काढू शकतात. पहिल्या वर्षी शर्यत नकोच. महिन्यातून एकदा एखाद्या संस्थेच्या मोकळ्या मैदानावर, परवानगी घेऊन, शंकू मांडून ब्रेकचा आणि हळू गाडी चालवण्याचा सराव. वर्षातून एकदा गाडीभाडं वाटून घेऊन चेन्नई किंवा कोइमतूरची वारी. त्यातला एखादा शर्यतपटू झाला तर आनंद. बाकीचे चांगले गाडीचालक झाले, तर तो त्याहून मोठा आनंद.

तेव्हा पालकहो, पोरगा रेसिंगचं नाव काढील तेव्हा लगेच ओरडू नका आणि लगेच चावीही देऊ नका. त्याला म्हणा, "जा की, पण आधी मार्शल होऊन ये. मग हेल्मेटचं बघू." खरी ओढ असलेला पोरगा साडेआठशे किलोमीटर जाऊन दोन दिवस उन्हात निशाण धरून उभा राहील. आणि नुसती मिरवायची हौस असलेला दुसऱ्या दिवशी विषयच काढणार नाही. दोन्हींत तुमचा फायदाच आहे.